शिवारफेरी : पिकाची आणि माणसाचीही



गेल्या अंकात आम्ही खोडवा व्यवस्थापनावर चार शब्द लिहिले होते. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, नांग्या वेळेत भरा, हे सगळे सांगून झाले. पुष्कळ सभासदांनी गट ऑफिसला येऊन त्यावर विचारपूसही केली, त्याबद्दल आभार. या अंकात मात्र खताचा डोस नाही की बेण्याची जात नाही. या वेळी ऊस पिकविणाऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय कशाला काढला, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

दोन हंगामांपूर्वी आमच्या एका गटातील एक सभासद आपल्यातून गेले. आजाराने नव्हे, अपघातानेही नव्हे. नाव आणि गाव लिहीत नाही, कारण घरच्यांचे दुःख अजून ओले आहे. वय पन्नाशीच्या आत. अडीच एकर आडसाली, रान बघत राहावे असे. लागणीपासून तोडणीपर्यंत सगळे काम वेळच्या वेळी करणारा नेटका माणूस. त्या पावसाळ्यात ते आमच्याकडे तीन वेळा आले. पहिल्यांदा माती परीक्षणाचा रिपोर्ट न्यायला, दुसऱ्यांदा नोंदीतले क्षेत्र दुरुस्त करायला. दोन्ही वेळा आम्ही विचारले, "काय म्हणतंय रान?" ते म्हणाले, "रान बरं हाय, सायेब."

तिसऱ्या वेळी त्यांचे काहीच काम नव्हते. समोरच्या खुर्चीवर पाचेक मिनिटे बसले, पाणी प्याले, "येतो" म्हणाले आणि उठले. आम्ही नोंदीच्या रजिस्टरात मान घालून बसलो होतो. रान बरे आहे एवढेच त्यांनी दोनदा सांगितले होते. माणूस बरा आहे का, हे आम्ही एकदाही विचारले नाही. विचारले असते तर ते वाचलेच असते, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण विचारले नाही, ही गोष्ट खरी आहे आणि ती आमच्याकडून झालेली आहे.

हुमणीसारखे दुखणे

हुमणी तुम्हा सर्वांच्या परिचयाची आहे. अळी जमिनीखाली राहून मुळ्या खाते. वरून पान हिरवे दिसते तोवर आपण निश्चिंत असतो. पान पिवळे पडते, ऊस मलूल होतो, मग आपण धावतो. तेव्हा बेट हाताने उपटले तरी अलगद वर येते, खाली मुळीच उरलेली नसते. मनाच्या दुखण्याचेही पुष्कळ वेळा असेच असते. माणूस सोसायटीत येतो, लग्नाला जातो, काट्यावर गाडी लावतो, हसून रामराम घालतो. आत काय चालले आहे त्याचा पत्ता लागत नाही.

यात पुरुष माणूस अधिक अडकलेला आहे, हे आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १०० त सुमारे ७२ पुरुष होते. शेतीवर जगणाऱ्यांची संख्या ११,२९० होती. त्यांत स्वतःची किंवा खंडाची शेती करणारे ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. त्या ५,२०७ शेतकऱ्यांत ४,९९९ पुरुष होते. बाईच्या नावावर सातबारा नसला की तिची नोंद शेतकरी म्हणून होत नाही, ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणून तिचे दुःख कमी असे कुणी समजू नये. पण तेवढे लक्षात घेऊनही पुरुषांचा आकडा डोळ्यांवर येतो. आणि सगळ्या राज्यांत वरचा नंबर आपल्या महाराष्ट्राचा आहे. त्या वर्षी शेतीवर जगणारी ४,२४८ माणसे आपल्या राज्यातील गेली.

याचे कारण एक नसते. कर्ज असते, पाऊस असतो, भावकीचा दावा असतो, मुलीचे लग्न असते, शरीराचा आजार असतो, दारू असते. पुष्कळ वेळा मनाचाच आजार असतो आणि तो औषधाने बरा होणारा असतो. अनेक गोष्टी एकावर एक चढतात आणि त्या सगळ्यांच्या खाली एक गोष्ट बहुतेक वेळा सापडते. ती म्हणजे, हे कुणाशी बोलायचे याचे उत्तर माणसाजवळ नसते.

एकटा पडलेला कुणबी

आमचे वडील मोटेवर होते तेव्हाचे दिवस आठवून बघा. ते दिवस चांगले होते असे आम्ही म्हणत नाही, कष्ट अमाप होते. पण कामाला चार माणसे लागत. इर्जिकीला गावचे नांगर एका रानात उतरत. पैऱ्याने एकमेकांकडे जाणे होई. गुऱ्हाळ लागले की रात्रभर चुलवणापाशी पाच-सात जणांचा मेळा असे. गडी गप्पा मारायला म्हणून जमत नव्हते, कामाला जमत होते. हात कामात, नजर कामावर, आणि मग आपसूक तोंडातून चार गोष्टी निघत.

आता ट्रॅक्टरवर एक माणूस. ठिबकची कॉक फिरवायला एक माणूस. लाईटची पाळी रात्रीची आली की अंधारात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला एकच माणूस. गावात जायचे तर मोटरसायकल, बांधावर कुणी दिसले तर हात वर करून पुढे. संध्याकाळी चार जण जमतात ते बहुधा जिथे बाटली असते तिथे. तिथे बोलणे पुष्कळ होते पण सकाळी त्यातले काही उरत नाही. यंत्रे वाईट नाहीत, त्यांनी पाठीचा भार हलका केला. पण कामाबरोबर जी सोबत मिळत होती तीही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरे काही आणले नाही.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात पुरुषांसाठी 'मेन्स शेड' नावाच्या जागा सुरू झाल्या. सुतारकामाची, दुरुस्तीची हत्यारे असलेली ही एक शेड, तिथे उतारवयाची माणसे येऊन काहीबाही करीत बसतात. पुरुष तोंडासमोर तोंड करून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लागला की बोलतात, असे त्या चळवळीत म्हणतात. त्या देशात आणि इंग्लंडातही आता पुरुषांनी आठवड्यातून एकदा एकत्र चालायचे, असे गट निघाले आहेत. चालताना नजर समोर असते. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही, कारण पाय चालूच असतात.

वारीने शिकविलेले

हे वाचून आम्हाला वाटले, यात आपल्याला नवे काय? आपल्याकडे ही गोष्ट शेकडो वर्षे चालू आहे. जगद्गुरू तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. आपल्यातले कितीतरी सभासद आडसालीची तयारी मुलांवर सोपवून दरसाल दिंडीत जातात.

वारी ही भक्ती आहे, तिला आम्ही दवाखाना म्हणत नाही. पण शेतकऱ्याच्या मनाला तिथे जे मिळते ते का मिळते, हे बघण्यासारखे आहे. दिवेघाट चढताना शेजारचा माणूस दोन एकरवाला की वीस एकरवाला, कुणी विचारीत नाही. सगळ्यांना एकच हाक, 'माउली'. चालणारा माणूस दिंडीत एकटा राहत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. मुक्कामाच्या जागी संध्याकाळी समाजआरती होते. टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप वर करतात आणि हजारो माणसे गप्प होतात. कुणाचे काय हरवले, काय सापडले ते पुकारले जाते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय अडचण आहे विचारतात, आणि ती त्याच दिवशी ऐकली जाते. एवढ्या मोठ्या जनसमुदायात तक्रार ऐकण्याची इतकी सोपी रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून ठेवली आहे.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. त्या दोन वर्षी आमच्या गटांतले जुने वारकरी कसे कावरेबावरे होऊन बांधावर बसायचे ते आम्ही पाहिले आहे. एकजण म्हणाले, "सायेब, इठोबा घरात बी हाय. पर संगतीचं काय?"

वारी वर्षातून एकदा. बाकीच्या अकरा महिन्यांचे काय? आणि ज्याचा टाळ वाजतच नाही, त्याच्याकडे कोणी जायचे?

आम्ही काय केले

कारखान्याच्या वतीने शिवारफेरी आपण पूर्वीपासून काढतो. एखाद्या सभासदाचा चांगला प्लॉट निवडायचा, पाच-पन्नास शेतकरी न्यायचे, लाऊडस्पीकर लावायचा, तज्ज्ञांनी भाषण करायचे, चहा प्यायचा. ती चालूच राहील. पण गेल्या हंगामापासून एका गटात आम्ही दुसरीच फेरी सुरू केली. दर रविवारी सकाळी साडेसहाला. भाषण नाही, फोटो नाही, संचालक मंडळाचे स्वागत नाही. दहा-पंधरा जण एकाच्या रानापासून निघतात, कालव्याच्या रस्त्याने, बांधाबांधाने तासभर चालतात आणि दुसऱ्याच्या वस्तीवर चहा घेऊन सुटतात.

पहिल्या रविवारी सहा जण आले. त्यात एक तात्या होते, सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "आवं सायेब, आमचं चालणं काय कमी हाय व्हय? जलम गेला की रानात चालण्यात." आम्ही म्हटले, "तात्या, चालणं कमी नाही. बरोबर कुणी नाही."

पहिले तीन-चार आठवडे बोलणे पिकाचेच झाले. तांबेरा, पांढरी माशी, टोळी कधी येणार, पहिली उचल किती. आम्हीही घाई केली नाही. पाचव्या की सहाव्या रविवारी एक पंचेचाळिशीचे सभासद आमच्या शेजारून चालत होते. उसाच्या शेंड्याकडे बघत बघतच म्हणाले, "सायेब, तीन म्हैनं झालं, रात्री डोळ्याला डोळा न्हाई."

आम्हाला एकदम काय बोलावे ते सुचेना. आम्ही कृषी पदविका घेतलेली माणसे, आम्हाला पानावरचा रोग ओळखता येतो. दुसऱ्या बाजूने तात्या चालत होते. त्यांनी उपदेश केला नाही. थोडे अंतर चालून म्हणाले, "माझं बी असंच झालतं, वाटणी झाली त्या साली. कुणाला बोललो न्हाई. वरीस वाया गेलं बघ."

चहाच्या वस्तीपर्यंत पोहोचेतो त्यांच्याकडून पुष्कळ निघाले. आईचे आजारपण, थकलेले हप्ते, भावाचा दावा. "एखादं वेळेस वाटतं, नगं हे सगळं," असेही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः त्यांना घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे गेले. औषध सुरू आहे. हप्त्यांचे पुनर्गठन करण्यासाठी सोसायटीच्या सचिवांकडे आम्ही बरोबर गेलो. दावा अजून चालूच आहे. सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. पण ते झोपतात आणि रविवारी फेरीला येतात. हे त्यांच्या संमतीने लिहिले आहे. "नाव नगा घालू, पर लिवा," असे ते म्हणाले.

फेरी कशी काढावी

हे काम प्रत्येक गटात होण्यासारखे आहे. खर्च काही नाही. आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो.

१. वार आणि वेळ एकच ठेवा. तोडणी चालू असो की लागण, दर आठवड्याला. माणूस कमी आले म्हणून फेरी मोडू नका. दोघे आले तर दोघांनी चालावे.

२. फेरीत कारखान्याची निवडणूक नाही, पक्ष नाही, भावकीची उणीदुणी नाहीत. आणि बांधावर ऐकलेले बांधावरच ठेवायचे. ते चावडीवर गेले की फेरी मेली म्हणून समजा.

३. कुणी मन मोकळे केले तर लगेच उपाय सांगू नका. "एवढ्यानं खचलास व्हय?" असे तर मुळीच नको. ऐका. विचारायचेच तर "झोप लागते का? जेवण जातं का?" असे साधे विचारा.

४. जो सलग दोन रविवार आला नाही, त्याच्या घरी फेरी संपल्यावर दोघांनी जायचे. चौकशीला नव्हे, चहाला. आमच्या मते या सगळ्यातले हेच मुख्य काम आहे.

काही खुणा ध्यानात ठेवा. झोप उडणे, जेवण तुटणे, पिणे वाढणे, बारीक गोष्टीवर संताप, पाळी आली तरी तोडणीकडे लक्ष नसणे, "माझं काय, आज हाय उद्या न्हाई" असे बोलणे, अचानक व्यवहार मिटवू लागणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे. अशा वेळी "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसेच सांगते. उलट कुणीतरी विचारले, याने माणसाचा जीव हलका होतो.

उत्तर 'हो' आले तर त्यास एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. खरे तर ही शिस्त प्रत्येक घरात कायमच हवी. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. पोलीस केस होईल या भीतीने कुणी लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिले आहे, आणि त्याची काळजी घेणे सरकारवर बंधनकारक केले आहे.

शेवटी दोन शब्द

फेरीने कर्ज फिटत नाही. फेरीने पाऊस पडत नाही, उसाला दर वाढून मिळत नाही. त्यासाठी वेगळे झगडावे लागते आणि ते झगडलेच पाहिजे. पण झगडायला माणूस शिल्लक पाहिजे.

वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर येतात. एकट्याने आपल्या बांधावरचे भुंगे गोळा करून भागत नाही, शेजारच्या रानातून पुन्हा येतात. म्हणून आपण सगळ्या शिवाराने मिळून मोहीम काढतो. मनाच्या दुखण्यातही एकट्याचे चालत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या बांधावर जावे लागते.

आता आमच्याकडे गट ऑफिसला कुणी आले तर आम्ही रजिस्टर मिटतो. "रान कसं आहे?" हे नंतर विचारतो. आधी "तुम्ही कसे आहात?" हे विचारतो. बहुतेक जण म्हणतात, "बरं हाय." त्यावर आम्ही म्हणतो, "चला, जरा बाहेर चालून येऊ." प्रत्येक वेळी काही निघतेच असे नाही. पण कुणी काम नसताना आलेला असला, तर त्याला नुसते पाणी पिऊन परत जाऊ देत नाही.

ज्या गावांना आपल्याकडे फेरी सुरू करायची आहे त्यांनी आपापल्या गट ऑफिसला निरोप द्यावा. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊ. येताना आपल्या शेजाऱ्याला बरोबर आणावे, विशेषतः जो अलीकडे दिसत नाही त्याला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी